एकच वंश, वेगळी रूपं : डॅफ्निया प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

प्रश्न शेवटी एका ओळीत बसला. डॅफ्निया पुलेक्स या जलपिसूचा एकच वंश वेगवेगळ्या पाण्यात वाढवला, तर अंगाचा घाट किती बदलतो, नेमका कधी बदलतो, आणि पाणी बदललं की तो बदल मागे फिरतो का?

प्राणी निवडायला फार वेळ लागला नाही. गोड्या पाण्यात कवचधारी प्राणी पुष्कळ आहेत, पण डॅफ्नियाकडे जी सोय आहे ती त्यांच्यातल्या सगळ्यांकडे नाही. परिस्थिती बरी असेल तोवर मादी नराशिवाय पिल्लं देते. ती सगळी माद्याच, आणि जनुकांच्या हिशेबाने आईची प्रत. एका मादीपासून सुरुवात केली की काही आठवड्यांत शेकडो प्राणी हाताशी येतात आणि त्यांच्यात वंशाचा फरक जवळजवळ उरत नाही. मग दोन बीकरांतल्या प्राण्यांत जो फरक दिसेल, त्याचं कारण पाण्यातच शोधायचं. शिवाय प्राणी पारदर्शक. हृदय, आतडं, पाठीवरच्या पिशवीतली अंडी, सगळं जिवंतपणी दिसतं. घाट कसा घडतो हे पाहायचं असेल, तर आतून बाहेरून दिसणारा प्राणी मिळणं हे भाग्यच.

८ जून

मांडणी. तापमान २० अंश सेल्सिअस, १६ तास उजेड, ८ तास अंधार. खाद्य म्हणून एकपेशीय हिरवं शेवाळ, रोज मोजून. पाणी कृत्रिम, क्षार वजन करून घातलेलं, म्हणजे कॅल्शियम किती आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असेल. बीकरमध्ये गर्दी होऊ द्यायची नाही, कारण गर्दीच्या पाण्याचाही वाढीवर परिणाम होतो.

प्रयोगाला थेट सुरुवात करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. आईला काय खायला मिळालं, तिच्या पाण्यात कसला वास होता, याचा ठसा पिल्लांवर उमटतो. म्हणून आधी काही पिढ्या एकसारख्या परिस्थितीत काढायच्या आणि मगच त्यांच्यातल्या माद्या वेगवेगळ्या पाण्यात सोडायच्या. पहिल्या वेतातली पिल्लं वापरायची नाहीत. ती लहान आणि कमी-जास्त असतात. तिसऱ्या वेतापासून पुढची घ्यायची.

ही वाट पाहण्याची मुदत कंटाळवाणी आहे खरी, पण तिच्याशिवाय पुढचं एकही माप विश्वासाचं ठरणार नाही.

१४ जून

भक्षक आले. चाओबोरस या डासांच्या नात्यातल्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. सेंटिमीटरभर लांब, इतक्या नितळ की काचेच्या भांड्यात पहिल्यांदा फक्त त्यांच्या हवेच्या पिशव्या दिसतात, दोन पुढे, दोन मागे. त्या पिशव्यांच्या आधाराने अळी पाण्यात आडवी तरंगत राहते, हलत नाही. जवळून कुणी पोहत गेलं की त्या थरथरीवरून तिला सुगावा लागतो, आणि पुढच्या शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या सोंडेसारख्या अवयवांच्या, झडपेत भक्ष्य तोंडात. हे इतकं चटकन होतं की डोळ्याला फक्त आधीचं आणि नंतरचं दिसतं.

आपल्या कामाला अळीचं खाणं जितकं महत्त्वाचं तितकंच खाल्ल्यानंतरचं. भक्ष्याचं पचन झालं की न पचलेलं कवच आणि बाकीचा गाळ ती तोंडावाटेच बाहेर टाकते. या ओकारीबरोबर पाण्यात जी रसायनं सुटतात, त्यांवरून डॅफ्नियाला कळतं की आसपास चाओबोरस आहे आणि ती जेवते आहे. भक्षकाचा असा वास, जो हुंगणाऱ्याच्या फायद्याचा आणि सोडणाऱ्याच्या तोट्याचा, त्याला कैरोमोन म्हणतात. चाओबोरसच्या कैरोमोनचा परिणाम १९८१ पासून ठाऊक होता. क्रूगर आणि डॉडसन यांनी तेव्हा याच डॅफ्निया पुलेक्सवर तो दाखवला होता. रसायन मात्र २०१८ मध्ये ओळखलं गेलं. मेदाम्लं आणि ग्लुटामिन हे अमिनो आम्ल यांच्या जोडणीतून झालेली ती संयुगं आहेत. अळीला मेद पचवायला त्यांची मदत होते, असं मानलं जातं. म्हणजे अळीने ती सोडणं बंद करायचं म्हटलं तर तिच्या पचनालाच धक्का लागेल. भक्ष्याला इतका भरवशाचा इशारा का मिळतो, याचं उत्तर इथे असावं. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर दुवा वाटतो.

अळ्यांना डॅफ्निया खाऊ घालून त्यांचं पाणी बारीक गाळणीतून काढून ठेवलं. उपाशी अळ्यांचं पाणी फारसं कामाचं नाही.

२१ जून

तीन प्रकारची पाणी ठरवली. पहिलं साधं. दुसरं, डॅफ्निया खाल्लेल्या अळ्यांचं. तिसरं, अळी नसलेलं पण डॅफ्निया चिरडून गाळलेलं.

तिसऱ्यावर आमच्यात वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, दोन पुरेत, बीकर कमी लागतील. माझं म्हणणं असं की दुसऱ्या पाण्यात दोन वास मिसळलेले आहेत, अळीचा आणि मेलेल्या भाऊबंदांचा. दुखावलेल्या डॅफ्नियातून निघणारी द्रव्यंही इतर डॅफ्नियांना सावध करतात, हे आधीच्या कामातून दिसलेलं आहे. तिसरं पाणी नसेल तर कोणत्या वासाने काय केलं हे कधीच सांगता येणार नाही. तिसरं पाणी राहिलं.

२७ जून

आज दुपारभर एकच मादी पाहिली. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वरच्या काचेला चार कोपऱ्यांत मेणाचे ठिपके, म्हणजे ती चिरडत नाही आणि उलथतही नाही. उजेड मंद ठेवला, कारण दिव्याच्या उष्णतेने ती लगेच बेजार होते.

पाठीवरच्या पिशवीत अंडी होती, पण आता त्यांना अंडी म्हणवेना. सुरुवातीचा गोल, मेदाच्या थेंबांनी भरलेला गोळा लांबट झाला आहे. डोक्याकडे दोन वेगळे ठिपके दिसतात. हेच पुढे जवळ येऊन एक मोठा डोळा होतील. दुसऱ्या शृंगिका, ज्यांच्या वल्हवण्याने हा प्राणी पोहतो, त्या अंगालगत मिटलेल्या. आईच्या श्वासाच्या पाण्याचा प्रवाह पिशवीतून सतत फिरतो आहे. पिलं त्या प्रवाहात सावकाश सरकतात.

हा प्रवाहच कळीचा. पिशवी बंद कुपी नाही. बाहेरचं पाणी आत येतं, आणि त्याबरोबर बाहेरचा वासही. गर्भाभोवतीचं आवरण गळून पडलं आणि पहिल्या शृंगिकांवरचे वास ओळखणारे सूक्ष्म केस पाण्याला भिडले, की पिल्लाला आईच्या पाठीवर असतानाच शत्रूची खबर लागते. मान कशी असावी हे तेव्हा ठरायला लागतं. ते अजून जन्मलेलं नाही, त्याने अळी पाहिलेली नाही, आणि अळीला तोंड द्यायची तयारी त्याच्या पेशींनी सुरू केलेली आहे.

म्हणून माद्यांचे दोन गट केले. एका गटाला गर्भ लहान असतानाच अळीच्या पाण्यात हलवलं. दुसऱ्याला पिल्लं सुटण्याच्या अगदी तोंडावर.

३० जून

दात आले!

अळीच्या पाण्यातल्या, लवकर हलवलेल्या माद्यांची पिल्लं सकाळी पिशवीतून सुटलेली मिळाली. पहिल्याला उजव्या कुशीवर पाडून पाहिलं. साध्या पाण्यातल्या पिल्लाची डोक्यामागची रेषा सरळ उतरते, मानेपाशी तिला काही अडथळा नसतो. या पिल्लाच्या मानेवर एक उंचवटा होता आणि त्यावर फणीच्या दात्यांसारखे तीन बारीक काटे, मागच्या बाजूला झुकलेले. हेच ते दात. शंभरपट मोठं केल्यावर त्यांची टोकं धारदार दिसत होती. हृदयाच्या ठोक्यागणिक मानेचा भाग किंचित हलत होता, काटे त्याबरोबर हलत होते.

चिरडलेल्या डॅफ्नियाच्या पाण्यातली पिल्लं साध्या पाण्यातल्यांपासून वेगळी काढता येत नाहीत, निदान मानेवरून तरी नाही. म्हणजे दात अळीच्याच वासाने.

मोजण्यासाठी टोलरियान या संशोधकाची गुणपद्धत घेतली. उंचवटा नसेल तर ०, लहान असेल तर ३०, मोठा असेल तर ५०, आणि प्रत्येक काट्याला १०. आजचं पहिलं पिल्लू ८०. लांबी डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या काट्याच्या मुळापर्यंत मोजायची, शेपटीचा काटा वेगळा. तो लांबीत धरला तर घोटाळा होईल, कारण काट्याची लांबी स्वतःच बदलते आहे.

उशिरा हलवलेल्या माद्यांच्या पिल्लांच्या माना जवळजवळ साध्या.

२ जुलै

पिल्लांनी एकदा कात टाकली. दुसऱ्या अवस्थेत दात पहिल्यापेक्षा ठसठशीत. अळीच्या पाण्यातून काढून साध्यात टाकलेल्यांचे दात मात्र या कातेबरोबरच फिके पडले. गर्भातली सूचना सुरुवातीला पुरते, पण दात टिकवायला वास सतत लागतो.

७ जुलै

वाचनाचा दिवस. या कामाची मुळं फार मागे जातात, आणि ती वाचल्याशिवाय आपण काय मोजतो आहोत ते नीट कळत नाही.

तळ्यांतल्या तरंगत्या प्राण्यांचा आकार ऋतूगणिक बदलतो हे एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. हिवाळ्यात गोल डोक्याचा डॅफ्निया उन्हाळ्यात टोकदार शिरस्त्राण चढवलेला. लाउटरबोर्न यांनी १९०४ मध्ये या ऋतुचक्राला चक्ररूपांतर असं नाव दिलं. आधी लोक दोन रूपांना दोन जाती समजत. तेव्हाचं स्पष्टीकरण भौतिकशास्त्रातलं होतं. पाणी तापलं की पातळ होतं, पातळ पाण्यात प्राणी लवकर बुडतो, म्हणून उन्हाळ्यात अंगावर टोकं वाढवून तो तरंगत राहतो. वोल्फगांग ऑस्टवाल्ड आणि डेन्मार्कचे वेसेनबर्ग-लुंड यांनी हे मत मांडलं. ऐकायला अगदी पटणारं. पुढे भक्षकांचा परिणाम जसजसा कळत गेला, तसं ते मागे पडलं, तरी तापमान आणि पाण्याचा खळबळाट यांचा शिरस्त्राणाच्या वाढीत वाटा आहे, हे प्रयोगांतून दिसतंच.

खरा मोलाचा माणूस रिशार्ट वोल्टेरेक. १९०९ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या तळ्यांतले डॅफ्नियाचे वंश घेतले, त्यांना कमी, मध्यम आणि भरपूर खाद्यावर वाढवलं, आणि प्रत्येक वंशाच्या डोक्याची उंची खाद्याच्या पातळीसमोर आलेखावर काढली. प्रत्येक वंशाची एक वक्ररेषा आली. एक वंश मध्यम खाद्यावर उंच डोकं काढतो, दुसरा भरपूर खाद्य मिळेपर्यंत खुजाच राहतो, आणि टोकाला रेषा एकमेकींजवळ येतात. प्रतिसादाच्या या संपूर्ण रेषेलाच त्यांनी प्रतिक्रियेचा मापदंड म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते ती ही रेषा. डोक्याची अमुक एक उंची हा तिच्यावरचा एक बिंदू.

वोल्टेरेकना वाटलं की याने आनुवंशिकीचे अभ्यासक योहान्सन यांच्या पक्क्या वंशप्रकारांच्या (जीनोटाइपच्या) कल्पनेला सुरुंग लागला. योहान्सननी १९११ मध्ये उत्तर दिलं की हा तर आपल्याच म्हणण्याला दुजोरा आहे, प्रतिक्रियेचा पूर्ण मापदंड म्हणजेच वंशप्रकार. मला योहान्सनचं म्हणणं पटतं. पण आलेख काढून दाखवण्याचं श्रेय वोल्टेरेकचंच, आणि आपण शतकानंतर त्याच आलेखावर नव्या पाण्याचे बिंदू टाकतो आहोत.

१३ जुलै

दात फुकट येत नाहीत. अळीच्या पाण्यातल्या माद्या पहिल्या वेताला साध्या पाण्यातल्यांपेक्षा उशिरा आल्या, आणि आल्या तेव्हा अंगाने मोठ्या होत्या. हे अपेक्षित होतं. चाओबोरसच्या तोंडात मावतं ते लहान भक्ष्य. एक ठरावीक आकार ओलांडला की डॅफ्निया तिच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून आधी वाढ, मग पिल्लं. दातही त्याच लहान वयापुरते. पिल्लू धरलं गेलं तरी दात असलेलं अळीच्या तडाख्यातून अधिक वेळा निसटतं. मोठं झाल्यावर दात कातेबरोबर टाकून दिले जातात.

मासा असेल तर गणित उलटं. मासा डोळ्याने शिकार करतो आणि मोठं भक्ष्य आधी टिपतो. माशाच्या वासाच्या पाण्यात डॅफ्निया लहानपणीच वयात येते, अंगाने लहान राहते, आणि दिवसा उजेडापासून दूर खोल पाण्यात उतरते. या उतरण्याला चालना देणारं माशाच्या पित्तातलं सिप्रिनॉल सल्फेट २०१९ मध्ये ओळखलं गेलं. एकाच तळ्यात अळी आणि मासा दोन्ही असतील तर एकच वंश दोन विरुद्ध दिशांना ओढला जातो. कायमचे दात बाळगणाऱ्या वंशापेक्षा वास आल्यावर दात काढणारा वंश का टिकला, ते इथे दिसतं. शत्रू ऋतूगणिक बदलतो.

१४ जुलै

कालच्यात एक भर. डोळ्याला दिसतो तेवढाच बदल झाला असं धरू नये. २००४ मध्ये ध्वनिसूक्ष्मदर्शकाने डॅफ्नियाच्या कवचाची तपासणी झाली, तेव्हा भक्षकाच्या वासात वाढलेल्या प्राण्यांचं कवच अधिक घट्ट निघालं. बाह्यरेषेत त्याचा मागमूस नव्हता. आमच्याकडे ते यंत्र नाही. म्हणून अहवालात ‘आकार’ असं मोघम न लिहिता ‘बाह्यरेषा’ असं लिहायचं.

२२ जुलै

कॅल्शियमचा संच आज लावला. तेच अळीचं पाणी, पण कॅल्शियम तीन पातळ्यांवर.

यामागचं कारण केवळ कुतूहल नाही. कॅनडातल्या कठीण खडकांच्या प्रदेशातल्या कितीतरी तळ्यांत कॅल्शियम कमी होत गेलं आहे. आम्ल पावसाने भोवतालच्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं, आणि झाडं तोडून नेली तेव्हा त्यांच्यातलंही गेलं. डॅफ्नियाला प्रत्येक कातेला नवं कवच बांधायचं असतं आणि त्यासाठी कॅल्शियम पाण्यातूनच घ्यावं लागतं. कॅल्शियम कमी पडलं की चाओबोरसच्या वासातही तिचा बचाव उणा राहतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. तांब्याच्या सूक्ष्म अंशानेही दात येण्यात बाधा येते. म्हणजे तळं वरून स्वच्छ दिसेल, प्राणी जिवंत असेल, वासही पोचेल, आणि तरी शरीर त्या वासाला नीट उत्तर देऊ शकणार नाही. हा भाग मला अस्वस्थ करतो. प्रदूषणाची चाचणी करताना आपण बरेचदा प्राणी मेला की जगला एवढंच मोजतो. त्याची उत्तर देण्याची ताकद गेली का, हे क्वचितच मोजलं जातं.

३१ जुलै

कॅल्शियमच्या सर्वांत खालच्या पातळीत पिल्लं अंगाने लहान आणि मानेचा उंचवटा बसका. मधल्या आणि वरच्या पातळीत डोळ्याला फरक जाणवत नाही. मापं चालू आहेत.

दुसरा वंश, वेगळ्या तळ्यातून आणलेला, आता पिढ्या काढून तयार आहे. त्यालाही तीच पाणी द्यायची. एका वंशावरून ‘डॅफ्निया पुलेक्स असं करते’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या चाओबोरस नव्हती तिथला वंश त्याच वासाला थंड प्रतिसाद देऊ शकतो. कैरोमोनच्या पाण्याच्या चार पातळ्या केल्या आहेत, सर्वांत पातळपासून दाटपर्यंत, म्हणजे नुसते दोन बिंदू न मिळता रेषा मिळेल.

९ ऑगस्ट

साठवणीबद्दल. मोजायचे नमुने साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकले की कवच फुगतं, दोन झडपा उघडतात आणि पिशवीतली अंडी बाहेर सांडतात. आकारच मोजायचा असताना आकार बिघडवणारं द्रव वापरून कसं चालेल? म्हणून फॉर्मॅलिनमध्ये साखर विरघळवून घेतली, लिटरला ४० ग्रॅम. साखरेने दाब सांभाळला जातो आणि प्राणी जसा होता तसा राहतो. १९७३ पासून जलपिसूंवर काम करणारे हे करत आले आहेत.

या निमित्ताने जुन्या संग्रहांचा विचार मनात आला. कितीतरी जाती एखाद्या तळ्यातून, एखाद्या दिवशी काढलेल्या बाटलीवरून वर्णिल्या गेल्या. बाटलीवर तळ्याचं नाव आणि तारीख असते. पाण्यात मासे होते का, अळ्या होत्या का, पाणी किती तापलेलं होतं, हे नसतं. डोक्याच्या उंचीवरून जात ठरवायची असेल, तर हे सारं कळल्याशिवाय ती उंची काय सांगते?

याची जुनी आणि बोलकी घटना खाऱ्या पाण्यातली आहे. १८७० च्या दशकात ओडेसाजवळच्या खाऱ्या सरोवरात श्मानकेविच यांना दिसलं की क्षार वाढत गेला तसं आर्टेमिया या लहान कवचधारी प्राण्याच्या शेपटीचं टोक आखूड होत गेलं आणि त्यावरचे केस कमी झाले. तिथवर ठीक. पण त्यांनी पुढे म्हटलं की पाणी गोडं करत गेलं तर आर्टेमियाचं रूपांतर ब्रँकिपस या निराळ्या प्रजातीकडे होतं. तो दावा टिकला नाही. निरीक्षण खरं होतं. पाण्याने केलेला बदल आणि वंशाचा बदल यांच्यात त्यांनी फरक केला नाही, एवढंच. एकसारख्या पाण्यात पिढ्या काढून मग तुलना करायची, हा आमचा पहिल्या दिवसाचा हट्ट त्याच फरकासाठी आहे.

१० ऑगस्ट

उलट बाजूचं उदाहरणही नोंदवून ठेवतो, नाहीतर सगळंच पाण्यावर ढकललं जाईल. स्वीडनमधल्या टोकर्न आणि क्रांकेशन या तळ्यांत अ‍ॅसेलस अ‍ॅक्वाटिकस नावाचा तळाशी रांगणारा कवचधारी प्राणी आहे. तिथे पाण्याखाली फिकट रंगाच्या कारा वनस्पतीची कुरणं पसरली, तशी त्या कुरणांत राहायला गेलेल्या अ‍ॅसेलसचे रंगही थोड्याच पिढ्यांत फिके झाले, तर काठच्या बोरूंतले गडद राहिले. इथला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक निघाला. गुहांमधल्या अ‍ॅसेलसने तर रंग आणि डोळे दोन्ही गमावले आहेत. दिसायला दोन्हींकडे एकच गोष्ट, वेगळ्या जागी वेगळं रूप. कारणं मात्र वेगळी. ती फक्त एकत्र वाढवूनच वेगळी काढता येतात.

१९ ऑगस्ट

‘परिस्थिती’ म्हणजे पाणी, वास आणि क्षार एवढंच आपण धरून बसलो होतो. आज चर्चेत मोठ्या कोळंबीचा विषय निघाला आणि मला तो नोंदीत हवाच आहे.

मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या गोड्या पाण्यातल्या कोळंबीत नरांचे तीन प्रकार असतात. खुजे नर, नारिंगी नांगीचे नर आणि लांब निळ्या नांगीचे नर. एकाच वेळी अंड्यातून निघालेले, एकाच तळ्यात, एकाच खाद्यावर वाढलेले. निळ्या नांगीचा नर मादी आणि जागा राखतो. नारिंगी नांगीचा वेगाने वाढत राहतो. खुजा चोरून संबंध साधतो. नारिंगी नराने निळं रूप कधी घ्यायचं हे शेजाऱ्यावर ठरतं. आसपासच्या सर्वांत मोठ्या निळ्या नरापेक्षा आपण मोठे झालो की तो कात टाकून निळा होतो, आणि मग तो नवा निळा आधीच्या निळ्यापेक्षा वरचढ ठरतो. थोराड नर काढून घेतले की दबून राहिलेले खुजेही वाढायला लागतात. इथे शरीर घडवणारी परिस्थिती म्हणजे त्याच जातीतले शेजारी. आपल्या बीकरांत गर्दी टाळण्याचा नियम याच कारणाने मला आता अधिक महत्त्वाचा वाटतो.

२८ ऑगस्ट

दोन्ही वंशांच्या रेषा आज एका आलेखावर आल्या. आडव्या अक्षावर कैरोमोनच्या पाण्याच्या चार पातळ्या, उभ्यावर दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लांचे मानेचे गुण.

पहिला वंश अगदी पातळ पाण्यातही दात काढतो आणि मग रेषा सपाट होते. दाट पाण्याने त्याला फारसा फरक पडत नाही. दुसरा वंश पहिल्या दोन पातळ्यांना जवळजवळ गप्प. तिसरीला एकदम उठतो आणि चौथीला पहिल्याच्या वर जातो. म्हणजे रेषा एकमेकींना छेदतात. ‘कोणत्या वंशाचे दात मोठे?’ या प्रश्नाला पाणी सांगितल्याशिवाय उत्तर नाही. पातळ पाण्यात पहिल्याचे, दाट पाण्यात दुसऱ्याचे.

दोन्ही वंशांना दात येतात. फरक कितव्या इशाऱ्याला येतात यात आहे, आणि हा फरक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. निवड करायची झाली तर निसर्ग त्याच्यावर करेल. एखाद्या तळ्यात अळ्या विरळ पण कायम असतील तर पहिल्यासारखा वंश टिकावा. अळ्या एखाद्याच हंगामात झुंडीने येत असतील तर दुसऱ्यासारखा, जो लहानसहान इशाऱ्यावर वाढ लांबवत नाही. हा अजून अंदाज आहे. तो तपासायचा तर त्या त्या तळ्यातल्या अळ्यांची वर्षभराची मोजणी हवी.

३ सप्टेंबर

शेवटचा प्रश्न, बदल मागे फिरतो का.

अळीच्या पाण्यात वाढलेल्या माद्या गर्भ नसताना साध्या पाण्यात आणल्या. त्यानंतरच्या वेतातल्या पिल्लांच्या माना बहुतेक साध्या निघाल्या. एखाद्या पिल्लाला बसका उंचवटा होता, काटा नव्हता. या वंशात तरी स्मृती लवकर पुसली जाते. डॅफ्निया कुकुलाटामध्ये मात्र १९९९ मध्ये अग्रवाल, लाफोर्श आणि टोलरियान यांनी दाखवलं होतं की वासात राहिलेल्या आईच्या पिल्लांचं शिरस्त्राण, पिल्लं स्वतः साध्या पाण्यात वाढली तरी, मोठं असतं. जात वेगळी, अवयव वेगळा, आणि आईच्या अनुभवाचं वजनही वेगळं. शिरस्त्राण आयुष्यभर मिरवायचं असतं, दात चार दिवसांचे. लांब चालणाऱ्या गोष्टीसाठी आईच्या सांगण्याला अधिक किंमत असावी, असं मला वाटतं. सहकारी म्हणतो, एवढ्या पुराव्यावर हे बोलू नये. त्याची हरकत योग्य आहे, म्हणून हे मत फक्त या वहीत.

सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. वंश, वेत आणि अवस्था यांच्याबरोबर आता आईचं पाणी, पिल्लाचं पाणी, कॅल्शियम, तापमान आणि वास कोणत्या दिवशी लागला हेही. उद्यापासून हाच सगळा संच २४ अंशांवर. शेवाळ वेगाने वाढेल, कातही लवकर पडेल, त्यामुळे पिल्लं दिवसातून दोनदा वेगळी काढावी लागतील.